सकाळी आठचा चौकोन

मी, दीक्षा तात्याराव ओव्हाळ, वय तेहतीस, शिक्षण बी.एस्सी. नर्सिंग, राहणार लोहारा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. आज सकाळी माझा रक्तदाब ११० वर ७० होता. नाडी ८८ आणि अनियमित. या अनियमितपणाचा विचारशक्तीवर परिणाम होत नाही, हे मी माझ्या शिक्षणाच्या आधारे नमूद करते. कोणाचा दबाव नाही, कसली नशा नाही. येत्या सोमवारी सोलापुरात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. शंभरातले सत्त्याण्णव जण त्यातून घरी परततात, असं डॉक्टर म्हणाले. उरलेल्या तिघांत मी असले तर हा कागद लागेल.

कलम १. राहतं घर वडिलांचं आहे, त्याबद्दल मला काही ठरवायचं नाही. माझं कपाट, पुस्तकं आणि रक्तदाबाचं यंत्र वडिलांना द्यावं. बाबा, सकाळची गोळी चहाच्या आधी. आठ वर्षं तोंडी सांगत आले, आता लेखी देते.

कलम २. माझी स्कूटी भाऊ राजपाल याला, हेल्मेट घालण्याच्या अटीवर. न विचारता तो ती नेतच होता. माझं केंद्र उघडलं त्या दिवशी पेढा खाता खाता तो म्हणाला होता, "एवढं शिकून शेवटी लोकांच्या पाठीच पुसणार व्हय गं?" उत्तर असं की, व्हय. आणि तेवढंही मला नीट जमलं नाही. कलम ४ वाच.

कलम ३. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी सेविका पाठवणारं माझं 'सोबत' केंद्र, त्यातल्या तीन खाटा, सहा हवेच्या गाद्या आणि प्राणवायूची दोन यंत्रं माझी सहकारी नर्स निकिता हिला. अटी कलम ६ मध्ये.

कलम ४. हे कलम मालमत्तेचं नाही. मृत्युपत्रात ते बसतं की नाही, हे वकिलांना विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी शिवकांता शरणबसप्पा कोरे, वय बहात्तर, या आमच्या रुग्ण होत्या. पक्षाघाताने उजवं अंग लुळं. दिवसभर त्यांच्यापाशी केशरबाई सरवदे असायच्या, आमच्याच वस्तीतल्या, मी त्यांना मावशी म्हणते. त्यांना लिहिता येत नाही. पण जड माणसाला न दुखवता कुशीवर वळवणारे तसे हात मी अतिदक्षता विभागातल्या चार वर्षांतही पाहिले नव्हते.

पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, हा आमच्या कामातला पहिला नियम. त्यासाठी मी तक्ता आखला होता. दर दोन तासांना एक चौकोन, चौकोनात डावी कूस, उजवी कूस किंवा उताणी. मावशींनी काय केलं ते विचारून तक्ता भरायचा, असं ठरलं होतं. पहिला महिना मी विचारलं. पुढे शनिवारी संध्याकाळी आठवड्याचे सगळे चौकोन मीच एका बैठकीत, एका निळ्या पेनने भरू लागले. डावी, उताणी, उजवी. क्रम पाठ झाला होता.

शिवकांताबाई रोज सकाळी आठला पूजेला बसायच्या. लिंगायतांच्या पूजेत इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं, आणि डावा हात शाबूत होता. मावशी त्यांना उशा लावून बसवायच्या, त्यांचे यजमान शरणबसप्पा अप्पा स्वतः त्यांच्या हातावर लिंग ठेवायचे. दीड तास सगळा भार माकडहाडावर. माझ्या तक्त्यात रोज सकाळी आठच्या चौकोनात 'डावी कूस' लिहिलेलं आहे.

केंद्राच्या दर्जाच्या प्रमाणपत्रासाठी तपासणी व्हायची होती, त्याच्या दोन दिवस आधी मी फाईल न्यायला कोऱ्यांच्या घरी गेले. मावशींनी मला दारात गाठलं.

"दीक्षा, बाईच्या पाठीला एकदा बघ. लाल पडलंय, दाबलं तरी पांढरं हुईना."

"तक्त्यात तर सगळं बरोबर आहे, मावशी."

"तक्त्याला पाठ हाय का? पूजेला लई वेळ बसत्यात. कमी बसा म्हनायचं माझ्या तोंडानं हुईना. तू शिकलेली हायस, तुझं ऐकतील."

"तपासणी झाल्यावर बघते."

दाबल्यावर पांढरी न होणारी लाली म्हणजे जखमेची सुरुवात. हे मला परीक्षेत विचारलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. पूजा बंद करायची गरज नव्हती. वीस मिनिटं बसणं, गुडघ्याखाली उशी, मग लगेच कुशीवर. सांगायला दोन मिनिटं लागली असती. लिंगायतांच्या घरात पूजेबद्दल बोलणं आमच्या वस्तीतल्या बाईला जड जातं, म्हणून मावशींनी ते काम माझ्या शिक्षणावर सोपवलं. मलाही जड गेलं. ते मी तपासणीच्या घाईमागे लपवलं. आतली खोली दहा पावलांवर होती आणि पर्समध्ये टॉर्च होता.

प्रमाणपत्र मिळालं. तपासणीला आलेल्यांनी फाईलच्या नीटनेटकेपणाचं कौतुक केलं. मी पुन्हा त्या घरी गेले ती अकराव्या दिवशी, तापाचा फोन आला म्हणून. तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. संसर्ग रक्तात उतरून शिवकांताबाई सोलापूरच्या दवाखान्यात वारल्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अप्पांनी विचारलं, "काय ओ केशरबाई, कूस बदलत नव्हता व्हय?"

"बदलत हुते, मालक."

"मग हे झालं कसं?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी फाईल उघडली आणि म्हणाले, "अप्पा, तक्ता पूर्ण आहे. सांगतात त्याच, आम्ही फक्त लिहितो." हे वाक्य मी तोलून बोलले होते. मावशींनी न करता केलं म्हणून सांगितलं, असा त्याचा अर्थ निघावा, अशी माझी इच्छा होती. तो निघाला. मी मावशींना त्याच दिवशी कामावरून काढलं. त्यानंतर त्यांना कोणी रुग्णापाशी उभं केलं नाही. त्या आता सोयाबीन खुरपायला जातात. रस्त्यात भेटल्या की विचारतात, "जेवलीस का?" मी "हो" म्हणते आणि गाडी चालू करते.

केशरबाईंनी काहीही चुकीचं सांगितलेलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

कलम ५. ती फाईल माझ्या कपाटात खालच्या खणात आहे. ती फाडू नये. भिंतीवरचं प्रमाणपत्र काढून, कलम ४ च्या प्रतीसह, देणाऱ्या संस्थेला परत पाठवावं.

कलम ६. निकिता, जी सेविका काम करते तिनेच खूण करायची. लिहिता येत नसेल तर चित्रांचा तक्ता कर. नव्या घरी गेलीस की आधी त्या घराचा दिवस विचारून घे. पूजा कधी, नमाज कधी, वीज कधी जाते, कारण वीज गेली की हवेची गादी नुसतं प्लॅस्टिक असतं. मग तक्ता आख. आणि कोणत्याही घरी फाईल उघडण्याआधी पाठ बघ.

कलम ७. माझी मुदत ठेव आणि टॉर्च केशरबाई सरवदे यांना. ही भरपाई नाही, भरपाई कशी मोजतात ते मला माहीत नाही. त्यांनी ठेव नाकारली तर ती वडिलांकडे जावी, आग्रह करू नये. टॉर्च मात्र त्यांच्या दारात ठेवून यावं.

कलम ८. इथवर लिहून झाल्यावर लक्षात आलं की मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. मी सत्त्याण्णवांत निघाले तर कलम ४ पुन्हा कपाटात जाईल, आणि मी स्वतःला जेवढं ओळखते त्यावरून ते तिथेच राहील. म्हणून साक्षीदार म्हणून ठरवलेल्या दोघांपैकी एक मी बदलला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा नियम नाही. तरी पहिल्या साक्षीदाराने कलम ४ वाचल्याशिवाय सही करू नये, अशी माझी विनंती आहे. केशरबाईंना या कागदाने लाभ होतो, म्हणून त्यांना साक्षीदार केलेलं नाही. त्यांच्याकडे मी आज संध्याकाळी स्वतः जाणार आहे.

हे सर्व मी वाचून पाहिलं. खाडाखोड नाही.

दीक्षा तात्याराव ओव्हाळ
लोहारा, सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

साक्षीदार :

१. शरणबसप्पा शंभुलिंग कोरे, व्यापारी, लोहारा. कलम ४ दोनदा वाचलं. आठला तिच्या हातावर लिंग मीच ठेवत होतो. ही फाईल दवाखान्यात मीपण बघितली होती, तो चौकोन माझ्यापण डोळ्याखालून गेला. सही करतोय ती सिस्टर शुद्धीवर आहे एवढ्यापुरती. माफीची नाही. केशरबाईकडं संध्याकाळी जाताना मला हाक मारावी. मलापण त्यांच्या दारात उभं राहायचं आहे.

२. अमरनाथ फुलसुंदर, औषध दुकान, लोहारा. दोन्ही सह्या माझ्यासमोर झाल्या.