न डुगडुगणारी फळी

दि. ९ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण फोनवर आपलं दोघांचं काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. तुमच्या मागे करवतीचं मशीन, माझ्या मागे ऑफिसची घाई, आणि दुसऱ्या मिनिटाला दोघांचाही आवाज चढलेला. म्हणून लिहायला बसले. कागदावर ओरडता येत नाही.

आम्ही सुखरूप पोचलो. दुपारची गाडी सोडून सकाळच्याच गाडीने निघालो, आईने भरलेला डबाही तसाच ठेवला, याचा तुम्हाला राग आला असेल. मलाही आला होता. अजून आहे. ठकीला तुम्ही दुकानातल्या कामाच्या बाकावर उभं केलंत तेव्हा ती पुरे म्हणत होती, बाबा. मी आत आईजवळ होते तरी मला ऐकू आलं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. तुम्ही मात्र हसत होता, आणि भीती अशीच मोडायची असते असं पॉलिशवाल्याला सांगत होता. मी येईपर्यंत पोर अंग ताठ करून फळ्यांना चिकटली होती, आणि मग ओकली. बाक जेमतेम कंबरेएवढा. सहा वर्षांच्या मुलीला त्याची एवढी भीती का वाटावी हे मलाही कळत नाही. पण ती नाटक करत नव्हती, एवढं नक्की.

गाडीत तिने मला विचारलं की आजोबांना ऐकू येत नाही का. मी हो म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार?

शाळेतल्या बाईंनीही परवा बोलावून घेतलं. ठकी घसरगुंडीकडे फिरकत नाही, जिना भिंतीला अंग घासत उतरते, आणि पुढच्या वर्षी तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. बाईंनी एका थेरपिस्टचं नाव सुचवलंय, बुधवारी जाऊ. तिथे काय ते कळेपर्यंत आणि ठकी स्वतः म्हणेपर्यंत तिला तुमच्याकडे आणणार नाही.

तुमचा लोभ आहे हे मला माहीत आहे. सध्या तो जरा लांबूनच असावा ही वि.

तुमची,
बेबी


दि. १६ जानेवारी

चि. बेबीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. कागदावर ओरडता येत नाही असं तुला वाटतं. तुझं पत्र वाचताना माझे कान दुखले.

मी पोरीला बाकावर ठेवलं, कड्यावरून लोटलं नाही. त्याच बाकावरून तू भुशाच्या ढिगात उड्या मारायचीस आणि तुझ्या आईच्या जिवाचं पाणी व्हायचं. तुझं कुठे काय बिघडलं? थोडी जीभ लांब झाली एवढंच. आजकाल मूल जमिनीपासून वीतभर उचललं की डॉक्टर लागतो. घेऊन जा, माझी ना नाही. जावईबापूंना विचारून जा म्हणजे झालं.

मला चांगलं ऐकू येतं असं ठकीला सांग. बाक मी स्वतः पुसला. दोनदा.

ठकीला गोड पापा. तुलाही आशीर्वाद आहेतच, राग धरून घेतलेस तरी चालतील.

तुझे,
बाबा

ता. क. बेबी, ह्यांनी दोन दिवस मशीन चालू केलं नाही. हे त्यांनी वर लिहिलेलं नसणार. — आई


दि. २ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

लांब जिभेची मुलगी पुन्हा लिहीत आहे. आधी कानाच्या डॉक्टरांकडून ठकीचे कान तपासून घेतले. ऐकू उत्तम येतं, आजार काही नाही. मग थेरपीला गेलो. तळमजल्यावरची लांबट खोली, जमिनीवर निळ्या गाद्या, छताला लोखंडी तुळई आणि तिच्या आकड्यांना नाना तऱ्हेचे झोपाळे. ते बघूनच ठकी माझ्या मागे लपली. बाईंनी तिला हातही लावला नाही. पहिला तासभर दोघी गादीवर बसून मणी ओवत होत्या. मला वाटलं, आपण इथे मणी ओवायला आलो का! पण मण्यांचा डबा बाई दर वेळी थोडा लांब सरकवत होत्या, आणि ठकी किती वाकते ते बघत होत्या.

मग त्यांनी मला कानाच्या आतलं चित्र दाखवलं. तीन बारीक गोल नळ्या, त्यात पाणी. डोकं वळलं की ते पाणी हलतं आणि आपण कुठे फिरतोय ते मेंदूला कळतं. सरळ आहोत की कललोय हे सांगणारे बारीक खडेही तिथेच असतात. बाबा, मला एकदम तुमची पाणसळ आठवली, काचेच्या नळीतला तो बुडबुडा! मी त्यांना सांगितलं की लाकूड सपाट बसलंय का ते बघायला माझे वडील अशीच एक वस्तू वापरतात. त्यांच्या भाषेत ही वेस्टिब्युलर यंत्रणा, पण पाणसळ हा शब्द त्यांना इतका आवडला की वहीत लिहून घेतला.

ठकीची पाणसळ मोडलेली नाही. तिचा मेंदू त्या पाणसळीचं म्हणणं फार मोठ्याने ऐकतो, असं बाईंना वाटतं. ती बोटभर कलली तरी तिला वाटतं की पडलोच. पाय जमिनीवरून सुटले की पाचावर धारण बसते. उशिरा चालली ती, तेही बहुधा यामुळेच. आणि केस धुताना मान मागे केली की किंकाळ्या, त्याही. आम्ही त्याला हट्ट म्हणत होतो. केस धुताना मी तिला दोनदा चापट मारली आहे, बाबा. ते आठवून बाईंसमोर मला रडू आवरेना. तेव्हा मी एकट्या तुम्हालाच बोलते आहे असं समजू नका.

आता आठवड्यातून दोनदा जातो. झोपाळा इतका खाली की पाय टेकतात, आणि हलवायचा तिचा तिने. नियम एकच. ती पुरे म्हणाली की थांबायचं, अर्धा झोकाही जास्त नाही. बाई हमी देत नाहीत. काही मुलांना पुष्कळ फरक पडतो, काहींना थोडा, असं सांगतात.

एक काम आहे. घरी सरावाला एक फळी हवी. दीड फूट चौरस, खाली दोन बाकदार कमानी, बोटभर डुगडुगेल अशी. बाजारातल्या फार उंच आहेत. चित्र सोबत जोडते. कराल ना?

लोभ थोडा जवळ आला तरी चालेल.

तुमची,
बेबी


दि. २० फेब्रुवारी

चि. बेबीस,
अ. उ. आ.

पार्सल वेगळं पाठवलं आहे. जुन्या दरवाजाचं लाकूड, चाळीस वर्षं मुरलेलं. कडा गोल केल्या, खिळा एकही नाही.

पण तू मला कुठल्या पेचात टाकलंस याची तुला कल्पना नाही. पन्नास वर्षांत माझ्या हातून डुगडुगणारी वस्तू बाहेर गेली नाही. एकदा एक गिऱ्हाईक स्टूल डुगडुगतं म्हणून भांडायला आलं होतं. मी पाणसळ घेऊन त्याच्या घरी गेलो आणि त्याची फरशी उतरती आहे हे चार शेजाऱ्यांसमोर सिद्ध करून आलो. आता माझीच मुलगी मला मुद्दाम डुगडुगणारं करायला सांगते. दुकानाचं दार लावून केलं, कुणी बघायला नको म्हणून. झोपाळेवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग, आणि फळीखाली माझं नाव कोरलेलं नाही हेही सांग.

चापटीचं मनाला लावून घेऊ नकोस. तुला माहीत नव्हतं.

पोचल्याचं कळव. आमची माया पार्सलात बांधली आहे, सुतळी जपून सोड.

तुझे,
बाबा

ता. क. लाकूड माळ्यावर होतं. पॉलिशवाल्याने चढून काढलं, हे शिडी धरून खाली उभे. नेहमीसारखे. — आई


दि. ३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फळी पोचली. देखणी आहे. हात फिरवत राहावा अशी. फक्त एकच गोष्ट, ती डुगडुगत नाही!

कमानींचा तळ तुम्ही रंधा मारून सपाट केलात. पाणसळ लावून बघितलीत ना? खरं सांगा. थेरपीला नेली तेव्हा बाई तिच्यावर उभ्या राहिल्या, डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या, शेवटी उडी मारली. फळी ढिम्म. मग त्या गादीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी शरमेने लाल.

आणि आम्ही दोघी हसत असताना ठकी फळीजवळ गेली. तळव्याने दाबून बघितली. ही कुणी केली असं विचारलं, मी आजोबांनी म्हटलं. मग चढली, बाबा! कुणी सांगितलं नाही, कुणी धरलं नाही. दहापर्यंत मोजलं, पुरे म्हणाली, उतरली आणि पुन्हा चढली. आपण होऊन ती कशावर चढल्याचं मी सहा वर्षांत पहिल्यांदा बघितलं. बाईंनी मला नुसता डोळ्यांनीच इशारा केला की रडायचं ते बाहेर जाऊन रडा.

तुमच्या चुकीला त्या आता पहिली पायरी म्हणतात. त्यांचं म्हणणं, दोन आठवडे फळी अशीच ठेवू, मग कमानी जराशा गोल, मग आणखी जराशा. तेव्हा कमानींच्या जोड्या करून पाठवा, बदलता येतील अशा.

आईच्या ओळीवरून एक आठवलं. मी तुम्हाला कधीच माळ्यावर बघितलेलं नाही. लहानपणी वाटायचं की तुम्ही मालक, म्हणून चढत नाही. बाबा, तसंच होतं का?

लोभ डुगडुगत नाही हे फळी बघून कळलंच.

तुमची,
बेबी


दि. १५ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ.

सहा जोड्या पाठवतो आहे. पेन्सिलीने आकडे घातले आहेत. एक नंबरची बोटाच्या पेरापेक्षा कमी हलेल, सहा नंबरची तुला हवी तशी. पाणसळ लावली होती. हात आपोआप सपाट करतो, मी काय करू.

माळ्याचं विचारलंस. मालक म्हणून नाही. माझे वडील मला शिडीवर चढवायचे आणि खालून शिडी हलवायचे. भीती मोडायला. मी पुरे म्हणत नव्हतो, म्हणायची सोय नव्हती. ओकलो की मार. मी सुतारकी केली ती जमिनीवरची. टेबलं, कपाटं, पलंग. छपराचं काम आलं की दुसऱ्याला दिलं आणि परवडत नाही म्हणून सांगितलं. तुझ्या लग्नात स्टेज दोन फूट उंच होतं, तिथे मी कसा उभा होतो ते माझं मला ठाऊक.

ठकीला बघून मला वाटायचं की माझा भित्रेपणा पोरीत उतरला. तो वेळीच मोडला नाही तर तीही माझ्यासारखी आयुष्यभर शिडी धरून खाली उभी राहील. म्हणून बाकावर ठेवली. नळ्यांतल्या पाण्याचं तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. सत्तरी आली, हा भित्रेपणा नसेल असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

माझी चूक झाली. ठकीला सांग, आजोबांना त्या दिवशी ऐकू आलं होतं.

यापुढे लिहवत नाही. आशीर्वाद समजून घे.

तुझे,
बाबा


दि. १२ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते ऑफिसातल्या जिन्यात बसून वाचलं. उत्तराला उशीर झाला. तुमची पाणसळही ठकीसारखीच का, असं मी बाईंना विचारलं. न बघता सांगता येणार नाही, पण असू शकेल, असं त्या म्हणाल्या. तुम्हाला भित्रा मात्र म्हणायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आता बातम्या. आम्ही चार नंबरच्या जोडीवर आहोत! दोन नंबरवर तीन आठवडे अडकलो, मधे एकदा सगळं सोडून पुन्हा एकवर यावं लागलं, तेव्हा माझाच धीर सुटला होता. पण काल ठकीने मान मागे करून केस धुवून घेतले. मान माझ्या तळव्यावर टेकवून, डोळे घट्ट मिटून, आणि मधे एकदा पुरे म्हणून. मी थांबले. मग तिनेच चालू ठेवायला सांगितलं. केस धुतल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. ह्यांनी ऑफिसातून फोन करून पुन्हा पुन्हा विचारलं.

शनिवारी शाळेत जाऊन दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग बघून आलो. कठडा धरून उतरली, पण भिंत सोडून. घसरगुंडीला अजून नाही म्हणते. राहू दे.

तुमचा निरोप तिला तेव्हाच दिला होता. काल केस पुसताना तिने एकदम विचारलं की आजोबांचा तो बाक अजून आहे का. मी आहे म्हटलं. मग रविवारी जाऊ, असं ती म्हणाली. मी नाही, ती म्हणाली.

तेव्हा येतो आहोत. लोभ दारात उभा असावा.

तुमची,
बेबी


दि. २५ मे

चि. बेबीस,
अ. उ. आ.

तुम्ही गेल्यापासून दुकान मोठं वाटतं. तू आत आईशी गप्पा मारत होतीस, म्हणून बाहेर काय झालं ते तुला नीट ठाऊक नाही. ठकीने सांगितलं असेलच, पण माझी बाजूही ऐक.

फळी काखेत मारून आली. आल्या आल्या पॉलिशवाल्याला मशीन बंद करायला सांगितलं, आणि तो मुकाट्याने उठला. माझं तो कधी ऐकत नाही. मग फळी जमिनीवर ठेवून मला चढायला सांगितलं. मी आढेवेढे घेतले, गुडघे दुखतात म्हटलं. तिने माझी दोन बोटं धरली आणि नियम समजावून सांगितला. बेबी, चार नंबरची जोडी माझीच, माझ्या हातची, तरी तिची बोटं मी सोडली नाहीत. चारपर्यंत मोजलं आणि मी पुरे म्हणालो. तिने ताबडतोब फळीच्या कडेवर पाय देऊन ती घट्ट धरली आणि मला उतरू दिलं. हसली नाही. आणखी एकदा म्हणून आग्रह केला नाही. सहा वर्षांच्या पोरीला जे कळतं ते मला कळलं नव्हतं.

मग ती स्टूल घेऊन बाकाकडे गेली. माझे हात शिवशिवत होते, पण मी ते मागे बांधून उभा राहिलो. आधी गुडघे टेकले, मग एक पाय, मग दुसरा. उभी राहिली. तिथून तिने दुकानभर बघितलं आणि पॉलिशवाल्याला वरून टक्कल दिसतं असं जाहीर केलं. तो बिचारा अजून आरशात मान वळवून बघतो आहे. जरा वेळाने ती पुरे म्हणाली. अगदी हळू म्हणाली, बेबी, तोंडातल्या तोंडात.

मला पहिल्याच वेळी ऐकू आलं. लगेच उतरवून घेतलं.

ठकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. इकडचा लोभ सरळ बसला आहे, मी पाणसळ लावून बघितली.

तुझे,
बाबा

ता. क. ह्यांनी स्वतःसाठी दुसरी फळी केली आहे. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी चढतात. काल सहापर्यंत मोजलं. मी कड धरून बसते, पुरे म्हणेपर्यंत. — आई