सासूबाईचा गुंड अन् साठ गिलास पन्हं

२ मे, सकाळ

निकिता, लिही. काल कुठवर आलतो ते तुले आठवणार नाई. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी पोट्टी तू. मले अक्षर येत नाई, पण विसरत मी काईच नाई.

पाच तारखेले तुह्या भावाचा, धीरजचा साखरपुडा. मालेगावचे साठ पाहुणे. माही सून, म्हणजे तुही माय ज्योत्स्ना, म्हणे टरबुजाचं शरबत करू, मिक्सरमंधी लवकर होते. मी म्हटलं, या घरात पाहुण्याच्या हाती पहिला गिलास माह्या पन्ह्याचा पडते. चाळीस वर्सं झाले. ती म्हणे ठीक हाय, पण बिघडलं तर लग्नात शरबत.

बिघडीन कायले?

३ मे

कैऱ्या आज उकडाच्या होत्या. उद्या.

सासूबाईचा पाणी भराचा पितळी गुंड काढला, हंड्याएवढा. स्टीलमंधी पन्हं दवाखान्यासारखं लागते. निकिता म्हणे, आजी, आतली कल्हई उडाली, आंबट ठेवलं तर कळकीन. मी म्हटलं, परवाच तर कल्हई केली, धाकट्या नातवाच्या, शिवमच्या बारशाले.

शिवम यंदा बारावीत हाय, असं ही पोट्टी मधातच लिहून राह्यली. खोडून टाक.

४ मे, दुपार

धीरज गुंड मोटरसायकलवर मालेगावले न्यायले तयार होता, कल्हईवाल्याकडं. मीच नाई म्हटलं. नवरदेव उन्हानं काळा पडीन.

संध्याकाळ

कैरी, गूळ, इलायची, जिरं. गुंड काठोकाठ. चाखलं, फर्स्टक्लास. ज्योत्स्ना विचारे, स्टीलच्या पिंपात काढू का? मले ऐकू आलं नाई.

५ मे, सकाळी सहा

पन्हं हिरवं दिसून राह्यलं. कैरीचं हाय, निळं दिसीन काय?

साडेसहा

चाखलं. थुकलं. तोंडात नाणं ठेवल्यावानी. इलायची जास्त झाली असन.

सात

ज्योत्स्नानं नुसतं पाह्यलं. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. दोघी मायलेकींनं गुंड उचलून मोरीत उपडा केला. खाटेखालून टरबुजं काढली, दहा. कालपासूनच ठेवली होती तिनं.

दुपार

पाहुणे दोनदा मागून पेले. नवरीची माय विचारे, शरबत कोणं केलं? ज्योत्स्ना म्हणे, "आमच्या आईनं शिकवलं मले."

मी कवा शिकवलं, आठवत नाई.

लग्नाच्या पन्ह्याची गोष्ट तिनं काढली नाई. मी बी नाई.

निकिता, पुरे आता. खाली सांग, आजीचं डोकं दुखते, जेवाले येत नाई. चार पुऱ्या अन् आलूची भाजी वर पाठव. अन् त्या शरबताचा एक गिलास, मोठा. कोणी विचारलं तर तुह्यासाठी हाय म्हण.