काट्यावर ठेवलेला पाय

प्रिय बाबा,

'प्रिय' मी दोनदा खोडलं. कागद फाटायला आला म्हणून तिसऱ्यांदा राहू दिलंय, उगाच हुरळून जाऊ नका.

"काका, प्रेशरची गोळी शेवटची कधी घेतलीत?" असं हॉस्पिटलातल्या त्या सिस्टरने विचारलं आणि तुम्ही छताकडे बघितलंत. माझं जे काही बदललं ते त्या क्षणी बदललं. मी खाटेच्या पायथ्याशी तुमच्या चपला हातात धरून उभा होतो. तोपर्यंत मी स्वतःला बापाचा जीव घ्यायला निघालेला कार्टा समजत होतो. सिस्टर म्हणाली, "खरं सांगा हं. दमा आहे का, आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत, आणि ह्या नेमक्या कधी थांबल्या, त्यावर इंजेक्शन ठरतं." तुम्ही पुटपुटलात, "पाहुणे यायचे होते घरी. म्हटलं, आकडा जरा वर दिसला तर बरं."  मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली, आणि आपण दोघंच उरलो. तुम्ही अजूनही छतच बघत होतात. काय होतं हो तिथे? मीही बघितलं नंतर. एक पंखा होता, बंद.

आपल्या घरात भांडण कसं संपतं हे बाहेर कुणाला सांगितलं तर हसतील. आवाज चढले की आई कपाटातून प्रेशरचं मशीन काढते, तुमच्या दंडाला पट्टा बांधते आणि आकडा मोठ्याने वाचते. आकडा वर असला की तुम्ही जिंकलात. पुढे कुणी बोलायचं नाही. ताईला बाहेरगावी चांगली नोकरी लागली होती, ती अशीच पट्ट्याखाली गेली. माझी मोटारसायकल गेली. कॉलेज सोडलं तेव्हाही पट्टा बांधला होता, आठवतंय? तेव्हा तुमची गोळी नेमाने चालू होती. आकडा अगदी शहाण्यासारखा आला. आई म्हणाली, "नॉर्मल आहे," आणि तुमचा चेहरा असा पडला की मला तेव्हा हसू आलं होतं. मी दार आपटून बाहेर पडलो आणि दुसऱ्याच आठवड्यात मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर बसलो. त्या दिवशी तुम्ही हरलात, आणि तुमच्या डोक्यात किडा शिरला. हे मला आता कळतंय.

काउंटरशेजारी चष्म्याचं दुकान होतं, हे काही मी मुद्दाम शोधून काढलेलं नव्हतं. तिथे काम करणाऱ्या तिला 'चष्मेवाली' हे नाव तुमचंच. तुम्ही तोंड वाकडं करून म्हणायचात, मी मात्र तेच उचललं. तिलाही आवडायचं. तुम्ही तिला एकदाच बघितलंत, तेही दोन पायांवर सरळ उभं राहून नाही. तिची आई आणि मामा बोलणी करायला आले, ती त्यांच्या मागे पर्स छातीशी धरून बसली होती. मामांनी अजून पाण्याचा ग्लास खाली ठेवला नव्हता, तोच तुम्ही कपाळ धरलंत. आईने मशीन आणलं. दोनशेच्या वरचा आकडा तिने वाचला तेव्हा तिचा आवाज फाटला. मग नाकातून रक्त, धूसर दिसतंय म्हणून तुमचं चाचपडणं, आणि ताईचं सगळ्यांदेखत ओरडणं, "झालं समाधान? घे आता बापाचा जीव त्या पोरीपायी!" त्या पोरीने ते ऐकलं. तिनेच रिक्षा थांबवली, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. सिस्टर यायच्या आधीच, हॉस्पिटलच्या दारात मला तिचा फोन आला. "तुझ्या बाबांच्या जिवावर उठून मला संसार मांडायचा नाही. दुसऱ्या गावच्या दुकानात जागा आहे, मी जातेय. परत फोन करू नकोस." मी केला. तिने उचलला नाही. मी काय म्हणणार होतो तिला? मलाही तेच खरं वाटत होतं.

तुम्ही आयुष्यभर वजनकाट्यावर काम केलंत. ट्रक आला, उभा राहिला, तुम्ही आकडा बघितलात, चिठ्ठी फाडलीत. लहानपणी मला खिडकीतून दाखवायचात, "तो बघ, माल जास्त दिसावा म्हणून हळूच काट्यावर पाय ठेवून उभा आहे." आणि मग तुम्ही अशी शिवी हासडायचात की तो माणूस उडी मारून खाली उतरायचा. मला तुमचा केवढा अभिमान वाटायचा! काटा खोटं बोलत नाही, माणूस त्यावर पाय ठेवतो, हे तुमचं वाक्य मी मित्रांना ऐकवायचो. आणि शेवटी तुम्ही काय केलंत? स्वतःच्याच काट्यावर पाय ठेवलात. तोही कशासाठी, तर एका चष्म्याच्या दुकानातल्या मुलीला घाबरवायला. त्यात मेला असतात, बाबा. आणि सगळे जन्मभर मला दोष देत बसले असते. मीसुद्धा.

मला तिथल्या तिथे तुमची गचांडी धरायची होती. खोटं कशाला बोलू? भांडायला इतकं पक्कं कारण मला जन्मात मिळालं नव्हतं, आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर म्हणाले, "ह्यांना आता अजिबात त्रास द्यायचा नाही. आडवं ठेवायचं, सपाट. बोलणंही कमी." शिरेतून हळूहळू इंजेक्शन दिलं. दंडावरचा पट्टा थोड्या थोड्या वेळाने आपला आपण फुगायचा आणि पडद्यावर आकडा यायचा. मी म्हटलं, "लवकर खाली आणा ना." सिस्टर म्हणाली, "लवकर आणायचाच नाही. एवढे दिवस वर राहिलेलं प्रेशर एकदम पाडलं तर मेंदूला रक्त कमी पडतं. पायरी पायरीने उतरवायचं." मग मी स्टुलावर बसून राहिलो. तोंडात शिव्या धरून. तुमचा आकडा एकेक पायरी उतरत होता आणि माझा चढत होता, तो मोजायला तिथे कुणी नव्हतं. मध्येच तुम्ही म्हणालात, "डोक्याला मुंग्या येतायत." मी तुमच्यावर इतका चिडलो होतो, तरी धावत गेलो सिस्टरकडे. ती म्हणाली, ह्या औषधाने टाळूला तसं होतं कधीकधी, सांगितलंत ते बरं केलंत. मी परत येऊन बसलो आणि पुन्हा चिडलो.

आणि मग तुम्ही उठलात. सिस्टरने बजावलं होतं की इंजेक्शननंतर काही तास उठायचं नाही, लघवीलासुद्धा नाही, भांडं मागायचं. पण मुलाच्या हातून भांडं घ्यायला तुम्हाला लाज वाटली. मी पाण्याची बाटली भरायला वळलो आणि तुम्ही दोन्ही पाय खाली सोडून सरळ उभे राहिलात. मी वळून बघेपर्यंत डोळे पांढरे झाले होते. तुम्ही माझ्या अंगावर कोसळलात. बाबा, तुमचं वजन काहीच नाही हो. मी तुम्हाला उचलून खाटेवर ठेवलं, पाय वर धरले, ओरडून सिस्टरला बोलावलं. ती मलाच झापत होती, "लक्ष कुठे होतं तुमचं?" शुद्धीवर आल्यावर तुम्ही काय म्हणालात? "आईला सांगू नकोस." पडलो ते सांगू नकोस, की गोळ्यांचं? मी भांडं लावलं आणि तोंड फिरवून उभा राहिलो.

मी आईला सांगितलेलं नाही. आत्ता ती केमिस्टकडे तुमच्या गोळ्या आणायला गेलीय आणि तुम्ही आत झोपला आहात. काल घरी आल्यावर मी म्हटलं होतं, चष्मेवालीला एक फोन करा, एवढंच सांगा की तिचा काही दोष नव्हता. तुम्ही म्हणालात, "आत्ता नको, प्रेशर वाढेल." आणि पट्ट्यासाठी दंड पुढे केलात. सवयीने! तो दंड बघितला आणि माझा निर्णय झाला. मी तिच्या गावाला चाललोय. तिला सगळं सांगणार, तुम्ही काट्यावर पाय ठेवलात हेसुद्धा. ती मला हाकलून देईल कदाचित. देऊ दे, पण खरं ऐकून देऊ दे. ताईलाही मीच सांगेन. आईला मात्र तुम्ही सांगायचं. ते माझं काम नाही.

हे सगळं मी तुम्हाला बोलून दाखवलं असतं तर ह्या कागदाची गरज नव्हती. पण वॉर्डात एकाच माणसाला थांबू देत होते, त्यामुळे आपण निघताना सिस्टरने समजावलेलं माझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही, आणि मी आता इथे नसणार. म्हणून लिहितोय. ते इंजेक्शन म्हणजे बरं होणं नव्हे. त्याने फक्त धोक्यातून बाहेर काढलं, पुढचं काम गोळीचं. गोळी मनाने बंद करायची नाही, कुणाला हरवायला तर मुळीच नाही. गोळीने त्रास झाला तर डॉक्टरांना सांगायचं, ते बदलून देतील. मशीन भांडणात काढायचं नाही. थोडा वेळ शांत बसून, पाठ टेकून, हात टेबलावर ठेवून मोजायचं. पुन्हा डोकं असह्य दुखलं, धूसर दिसलं, छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा एखादा हात लुळा वाटला, तर आकड्याची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि झोपेतून ताडकन उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, मग खाटेच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडायचे, घेरी येत नाही ना बघायचं, मगच उभं राहायचं. कागद गोळ्यांच्या डब्याखाली ठेवतोय. माझा राग गेलेला नाही, आणि एवढ्यात जाणारही नाही. पण दार आज आपटणार नाही. आवाजाने दचकून तुम्ही एकदम उठून बसाल, आणि धरायला घरात कुणी नाही. चपला हातात घेऊन बाहेर पडतोय, कडीवर बोट ठेवून दार हळूच ओढून घेतोय.

तुमचाच,
कार्टा