हिरवा म्हणजे हो

५ जानेवारी २०२५

पुन्हा गेलं! सातले चार मिनिटं कमी असताना. मोबाईलवर गोठ्याचं चित्र थांबलं ते थांबलंच — चांद्या बैलाची मान अर्धी वळलेली, बाशिंग्याचं शेपूट हवेत. मग काळं. सव्वाआठले आलं परत. रोजचंच.

इथं मोरबीत टाईलची खोकी भरू भरू हात बधिर, अन् डोकं उंद्रीच्या गोठ्यात. पोळ्यानंतर गावातून दोन घरची जनावरं चोरीले गेली, म्हणून तर दिवाळीत कॅमेरा लावून आलो. चोरानं सातले यायचं ठरवलं तर?

७ जानेवारी

बाबाले फोन. "जेवले काय?" "जेवलो." "बैल?" "हायेत." "गुडघा?" "हाये." संपलं! आई गेल्यापासून आमचं बोलणं एवढंच. चित्र जाते त्या सातच्या वेळी तर मी कामावर, मोबाईल पेटीत बंद; रात्री मागचं लावतो तवा कळते.

कॅमेरा बाबाले पटलाच नव्हता. "तू तिकडं हायेस का नाही, मले कसं समजन?" म्हणे. म्हटलं सोपं आहे बाबा, खालचा लाईट हिरवा म्हणजे हो, लाल लुकलुकला म्हणजे नाही. मान हलवली. बाजारातला माणूस — बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून करणारा. कमी बोललेलं त्याले लवकर समजते.

९ जानेवारी

रवीले विचारलं. चिखलीले त्याचं कॅमेऱ्याचं दुकान. शाळेत एका बाकावर होतो, तो शिकला, मी सातवीतून पळालो.

"कॅमेरा चांगला हाये बे. संध्याकाळी सारं गाव घरी येते. घराघरात वायफाय, सारे एकाच पट्टीवर. पंगतीत सारेच वाढप्याले हाका माराले लागले तं तो कोणाचं आयकन? वरून मधात दोन भिंती, अन् गोठ्यावर टिनं."

"मंग काय करू?"

"हवेचा भरोसा सोड. तार टाक."

११ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत सगळं पाहिलं. इंग्रजी वाचणं आपल्याले कुठं जमते, व्हिडिओ पाहिले. बूस्टर — तो पण हवेतूनच, नको. सिमवाला — गोठ्यात मोबाईलची एकच दांडी येते, नको. जुना जाड केबलवाला — त्याले लाईटची वायर वेगळी ओढा, गोठ्यात बोर्ड ठोका. कडब्याजवळ ठिणगी उडाली तर? नको!

शेवटचा बरा. एकच तार, तिच्यातूनच वीज जाते, तिच्यातूनच चित्र येते. मधात कोणी बोंबलणारं नाही.

रवीले कळवलं. तो म्हणे तार पूर्ण तांब्याची टाकू, मुलामावाली दोन पावसाळ्यात मरते. अन् पाईपातून नेऊ, उंदरं सोडत नाहीत. समोरच्या खोलीपासून गोठा नव्वद फूट.

"कॅमेरा आवाजवाला पाठवू का बिनआवाजाचा?"

"तूच सांग."

"गोठ्यात काय आयकतं लेका? बैलाचं रवंथ?"

लय हसलो. बिनआवाजाचा सांगितला.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळी मोरबी पतंग उडवाले गच्चीवर, मी खोलीत. पाठ भरली आहे.

बनामावशीचा फोन आला. शेजारची — बाबाले दोन टाइमची भाकर तीच देते. आधी गोड गोड बोलली, मग म्हणे, "बापाले रोज नाही-नाही काऊन करतं रे? गुडघे पाह्य ना त्याचे." मले वाटलं शेगावले दर्शनाचं असन. म्हटलं, "मावशी, मी कशाले नाही म्हणू?" ती म्हणे, "असं! मंग बरं." तिकडून कुकर ओरडला, तिनं ठेवला.

१८ जानेवारी

ही तिसरी जागा. सुरत सोडली, वापी सोडली, आता इथूनही जीव उडाला. कुठं टिकतच नाही मी.

पण या वेळी पक्कं आहे. होळी झाली की कायमचा घरी. वखर आहे, बैल आहेत, मी आहे. अजून काय लागते?

बाबाले सांगितलं नाही. दोनदा सांगून झालं, दोनदा गेलो नाही. दुसऱ्या वेळी ते फाट्यावर जाऊन बसले होते, शेवटची एसटी जायलोक. बनामावशीनं सांगितलं, बाबानं कधी नाही. आता तोंडानं सांगणारच नाही. दारात उभाच राहतो. तोवर बैल तेवढे राहिले पाहिजेत.

१९ जानेवारी

काही नाही. खोकी.

२२ जानेवारी

तार टाकून झाली! रवीनं स्वतः बसवून दिलं. म्हणे, "तुया बापानं एकच गोष्ट विचारली मले — लाईट तोच हाये ना? म्हटलं तोच हाये काका, पण आता लाल काही व्हत नाही." मग म्हणे, "लय वेळ पाहत होते बे त्याच्याकडं."

२३ जानेवारी

काल सातले चित्र गेलं नाही! कामावरून आल्यावर मागचं लावून पाहिलं. सात, साडेसात, आठ — एकदम साफ. चांद्याच्या पापण्या मोजून घ्या.

एक नवीनच दिसलं पण. बरोबर सातले बाबा आले. धुतलेली टोपी घालून! कॅमेऱ्याखाली उभे राहिले, वर पाहून काही बोलले. मग लाईटकडं पाहत राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली, गेले. बोलले काय? आवाजच नाही.

रोज येत असतील काय? सातचं मले दिसतच कुठं होतं.

२६ जानेवारी

सुट्टी. सकाळी मोबाईल उघडला तर बाबा बैल धुऊन राह्यले. शिंगाले तेल, कपाळाले गुलाल. आज काय आहे असं?

मग एक माणूस आला. बाबाच्या हातावर रुमाल टाकला अन् खाली हात घातला. मी उभाच झालो! फोन लावला — वाजत असन समोरच्या खोलीत. रुमाल हलत होता. त्याची निळी किनार दिसे, इतकं साफ. पुन्हा लावला. पुन्हा. रुमाल निघाला. बाबानं स्वतः दोघांचं दावं सोडलं. बाशिंग्या दारात अडला, बाबानं त्याच्या पाठीवर थाप मारली, गेला तो.

दुपारी उचलला.

"बाबा, बैल काऊन देले?"

"तूच तं हो म्हटलं."

"मी? कवा?"

"दिवाळीपासून रोज सातले त्या कॅमेऱ्यापाशी विचारून राह्यलो तुले. बैल देऊ काय रे, माह्यानं होत नाही आता. रोज लाल. म्हटलं पोराच्या मनात हायेत बैल, येईन तो. त्या रोहिणखेडवाल्याले चारदा परत लावलं म्या, पोरगा नाही म्हणते म्हणून. आता चार दिवस झाले, हिरवा. चारही दिवस. समजलो मंग."

"काय समजले?"

"तू काही आता येत नाहीस, हे."

लाईट म्हणजे मी नाही, तार आहे — एवढंही सांगितलं नाही मी. "जेवून घेजो," म्हणे, अन् ठेवला.

२७ जानेवारी

कामावर गेलो नाही. सातले मोबाईल हातात धरून बसलो. खुंटे दोन्ही रिकामे. तरी बाबा आले, तीच टोपी. वर पाहून दोनच शब्द बोलले. मागं घेऊन घेऊन पाहिलं. 'येतं काय', येशील का तू, असं असन. नसन बी.

लाईटकडं पाहिलं, अन् हसले.

हिरवा होता. बॅग भरून राह्यलो.