निशाणी कोयता

मी, धनुबाई कोम नवल पाटील, वय सुमारे अठ्ठावन्न, राहणार मौजे रनाळे, तालुके नंदुरबार, जिल्हे पश्चिम खानदेश, आज हा कागद लिहवून ठेवते. डोळे अधू झाले, गुडघे गेले, डोके मात्र जागेवर आहे. कुणाला शंका असेल त्याने मेथीच्या जुडीत एक गवताची काडी दडवून माझ्यापुढे ठेवावी आणि मी ती शोधते की नाही ते पाहावे. हा कागद लिहावा म्हणून मला कुणी धाक घातलेला नाही. लिहू नये म्हणून घातला होता, तो मी मानला नाही.

लिहिणारे शांतीलाल छगनलाल, आमच्याच गावचे किराणा दुकानदार, अक्षर मोत्यासारखे. त्यांनी माझ्या नावापुढे ‘धंदा घरकाम’ असे लिहिले. ते खोडायला लावले. लग्नाकार्यात भाज्या-फळे चिरणे, सोलणे, कैऱ्या फोडून लोणची घालणे आणि दुसऱ्यांना विळ्या, किसण्या निवडून देणे, हा माझा धंदा. तेव्हा त्यांनी ‘भाजी सुधारणे’ असे लिहिले. त्यांच्या जैन घरात चिरणे-कापणे हा शब्द तोंडातून काढत नाहीत, हिंसा होते म्हणून. मला त्याचा राग नाही. पण मी उभ्या जन्मात एकही भाजी सुधारलेली नाही, सगळ्या चिरल्या. शांतीलाल म्हणाले, “धनुमाय, आशा कागदमा हाई लिखतस नही.” मी म्हटले, “मन्हा कागद शे. लिख.” त्यांनी लिहिले.

कलम पहिले. घर. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे परसदार आणि छपरावर चढलेला गंगाफळाचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल. हे घर सासरचे नाही. सासरचे घर आणि शेत माझे थोरले दीर भिला पाटील यांच्याकडे आहे, त्यावर मी हक्क सांगत नाही. ही जागा मी माझ्या मेहनतीने घेतली, भिंती माझ्या मेहनतीने उभ्या राहिल्या, खरेदीखत पत्र्याच्या पेटीत आहे. हे घर, पेटीतली शिल्लक आणि वेल माझ्या पश्चात वत्सलाबाईला मिळावे. वत्सला ही याच भिला पाटलांची मुलगी. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला गाठोडे देऊन परत पाठवले. बापाने उंबऱ्यातून सांगितले, परत जा. ती परत न जाता माझ्याकडे आली, त्याला सहा वर्षे झाली. या महिन्यात भिला पाटील तीनदा येऊन गेले. त्यांचे म्हणणे, बाईमाणसाला वेगळे घर कशाला, वत्सला आता आमच्या छपराखाली राहील आणि इथे गुरे बांधता येतील. छपराखाली राहील म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. त्यांच्या सुनांच्या आधी उठेल आणि सुनांच्या नंतर जेवेल. म्हणून हा कागद.

कलम दुसरे. हत्यारे. मी त्यांना हत्यारेच म्हणते. सारंगखेडा माझे माहेर. तिथल्या जत्रेत पुरुष घोड्यांचे दात बघत फिरत आणि माझी आई मला घेऊन भांड्यांच्या रांगेत बसे. विळी अशी घ्यायची: आधी सपाट जमीन सोडून मुद्दाम खडबडीत जागी ठेवायची, पाटाच्या टोकावर चार बोटे दाबायची. डुगडुगली तर पुढे पाहूच नये. मग पात्याला नखाने टिचकी. आवाज लांबला पाहिजे, खट्ट करून बसला की लोखंड कच्चे. किसणी उजेडासमोर धरायची आणि भोकांवरून तळवा उलटा फिरवायचा. जी किसणी तळव्याला सगळीकडे सारखी टोचते ती घ्यायची, चकाकते ती नाही. एवढे सगळे करताना दुकानदार वैतागतो. त्याला वैतागू द्यावे.

नंदुरबारचे सुमेरमल रतनचंद यांच्या दुकानी नवी विलायती सोलणी आली, तेव्हा मी घरून दुधी घेऊन गेले आणि घेण्याआधी दुकानातच अर्धा सोलला. सुमेरमल लाल झाले. मग साली पाहिल्या. कागदासारख्या निघाल्या होत्या. तो दुधी त्यांनी ठेवून घेतला आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकांसाठी गल्ल्याशेजारी एक दुधी ठेवायला सुरुवात केली. तेव्हा धनुबाईला नवे आवडत नाही असे कुणी म्हणू नये. सोलणी वत्सलाला.

मोठी विळी, पितळी किसणी, काकड्या कोचायचा काटा हेही वत्सलाला. लहान विळी शांतीलालच्या आई जडावबाई यांना. त्यांनी तिच्यावर खुशाल भाजी सुधारावी.

कैऱ्या फोडायचा मोठा अडकित्ता, पाटासकट, शेजारच्या निर्मलाबाईंकडे राहील. तो गावाचा आहे असे समजावे. उन्हाळ्यात जी मागेल तिला द्यावा, धुऊन परत घ्यावा, सासू-सून वेगळ्या मागायला आल्या तर दोघींना वेगळ्या दिवशी द्यावा.

कलम तिसरे. पुतण्या हिंमतराव, म्हणजे वत्सलाचा भाऊ, याने सुरतेहून आणलेले दांड्याचे यंत्र. ते टेबलाला आवळायचे असते. आमच्याकडे टेबल नाही हे त्याला माहीत होते. ओट्याच्या फळीला आवळून मी प्रामाणिकपणे तीन काकड्या घालून पाहिल्या. काप एकसारखे पडतात, त्यातला एक माझ्या बोटाचा होता. यंत्र त्याचे त्याला परत. हेतू चांगला होता असे मी धरून चालते.

कलम चौथे. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची लिहिली.

आमच्या भागात अख्खे गंगाफळ बाईने कापायचे नाही. ते घरच्या थोरल्या मुलासारखे मानतात. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग बाईने सोलायचे, बिया काढायच्या, फोडी करायच्या, शिजवायचे आणि वाढायचे. माझे मालक नवल पाटील वारले तेव्हा घरात मी आणि माझा मुलगा सुपडू. आधीची दोन जगली नाहीत म्हणून याला जन्मताच सुपात घातले होते, त्यावरून सुपडू. वर्षश्राद्धाला भाऊबंद जमले. माझी वेगळी चूल राहू द्यायची की नाही, यावर ओसरीत बोलणे चालले होते. मधोमध गंगाफळ पडलेले. भिला पाटील त्याच्याकडे बोट दाखवून पंचांना म्हणाले, “गंगाफय कापाले बी माणूस लागस. हाई बाई घर काय चालाडी?” सगळे हसले.

थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचे नसते. मी पदर पुढे ओढलेला होता, तो तसाच ठेवला. आत गेले, कोयता आणला आणि गंगाफळाचे दोन तुकडे केले. एकाच घावात झाले नाहीत, तीन लागले, हे खरे सांगते. तो कोयता मालकांचा होता, मूठ माझ्या हाताला मोठी. पण तेव्हाच मला कळले की यात देवाधर्माचे काही नाही. विळीवर अख्खे गंगाफळ घेतले की ते घसरते, पाते वाकते, हात जातो. त्याला कोयता लागतो, आणि कोयते पुरुषांच्या मुठीचे करतात. बाईच्या मुठीचा कोयता कुणी केला नाही एवढीच ती रूढी.

ती भाजी कुणी खाल्ली नाही. पाने वाढली तशी उठली. फक्त वत्सला, सहा वर्षांची, मागच्या दाराने येऊन चुलीशी बसली आणि जेवली. वर म्हणाली, “काकू, आखो वाढ,” म्हणजे अजून वाढ. त्याबद्दल बापाने तिला मारले. पुढे तिची कूस उजवली नाही तेव्हा सासरी हेच निघाले की लहानपणी ती भाजी खाल्ली होती.

दोन वर्षांनी मानमोडीची साथ आली. सुपडू तीन दिवसांत गेला. दहा वर्षांचा होता. अजून त्याला उचलले नव्हते, तोवर थोरली जाऊ फुलवंताबाई दारात उभी राहून म्हणाली, “गंगाफय कापं ना तू? गया पोऱ्या.” ती आता हयात नाही, तिला उत्तर देऊन उपयोग नाही. ज्यांना द्यायचे त्यांना देते. त्या पंधरवड्यात आमच्या गल्लीत सात थोरले मुलगे गेले. त्यातल्या सहांच्या आयांनी गंगाफळाला कधी हत्यार लावलेले नव्हते. ही मोजदाद मी वीस वर्षे मनात ठेवली, आज कागदावर ठेवते.

पण खरे बोलायचे तर सगळे बोलते. सुपडू गेल्यावर चौदा वर्षे मी गंगाफळ घरात आणले नाही. कुणी विचारले की सांगायची, मला बाधते. ते खोटे होते. मी घाबरले होते. रात्रंदिवस वाटे, म्हणतात ते खरे असेल तर. आता गमावण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नव्हते, तरी घाबरत होते.

मग वत्सला आली. आठच दिवसांत कुणीतरी लोणच्याच्या बदल्यात गंगाफळ आणून ठेवले. तिने ते बाहेर ओट्यावर मांडले आणि विचारले, “काकू, कोनले बलाऊ?” म्हणजे पहिल्या घावासाठी कुणाला हाक मारू. बावीस वर्षांची पोर, अंगावरचे वळ अजून निळे, आणि तिला हाक मारायला एक पुरुष हवा होता. डोंगरातून सीताफळे घेऊन येणाऱ्या आमशाला बसवून घेतले. त्याने सुतळीने माझ्या मुठीचा घेर घेतला, मग वत्सलाच्या मुठीचा, दोन्ही सारखेच भरले. पुढच्या खेपेला धावड्याच्या लाकडाची मूठ करून आणली. पाते मी सारंगखेड्याच्या जत्रेत टिचक्या मारून निवडले. बाईमाणसाला असला कोयता कशाला, असे आमशाने एकदाही विचारले नाही. त्याच्या मते ज्याला भूक लागली त्याने कापावे.

पहिला घाव वत्सलाने घातला. एकच लागला. मी तव्यापुरत्या फोडी केल्या, मेथीदाणे घालून भाजी टाकली, आणि पहिला घास घेतल्यावर चौदा वर्षांचे रडू एकदम आले. भाजी खारट झाली असे वत्सलाला वाटले.

तो कोयता वत्सलाला. तो कुणाला उसना देऊ नये.

कलम पाचवे. माझ्या तेराव्याच्या जेवणात गंगाफळाची भाजी असावी. शांतीलालने सुचवले की पहिला घाव वत्सलाने सर्वांसमोर घातला तरच घर तिला मिळेल, अशी अट घालावी, म्हणजे कागद भक्कम होईल. मी नको म्हटले. बायकांच्या हातांवर अटी घालणारे गावात पुष्कळ आहेत, त्यात मी भर घालणार नाही. वत्सले, तुला वाटले तर काप. भीती वाटली तर कापू नकोस, मलाही वाटली होती. घर दोन्ही परी तुझे.

कलम सहावे. थोरले दीर भिला पाटील यांना दरसाल माझ्या वेलाचे पहिले गंगाफळ, अख्खे, वत्सलाने पोचते करावे. पहिल्या घावाचा मान त्यांचा. पुढचे सोलणे, बिया काढणे, फोडी करणे, शिजवणे आणि वाढणे हेही त्यांनी स्वतःच करावे. जमले तर मी त्यांना सगळे माफ करते. यापलीकडे माझ्या घरावर, परसावर किंवा वत्सलावर त्यांचा आणि त्यांच्या वारसांचा काडीचा संबंध नाही.

साक्षीदार सुमेरमल आणि आमशा यांना मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराने घ्यायचे नसते म्हणतात. सुमेरमलांनी एक दुधी मात्र माझ्याकडून घेतला आहे, तो जुना व्यवहार.

शेवटी सहीचा प्रश्न आला. मला लिहिता येत नाही. अंगठा मी दिला आहे, पण जुन्या रीतीने निशाणीही करायची होती. शांतीलाल म्हणाले, कुणबी नांगर काढतो, बाई बांगडी काढते. मी हात पुढे करून दाखवले. बांगड्या तेवीस वर्षांपूर्वी मालकांच्या मागे फुटल्या, आणि त्या फोडायला पुढे झालेला हातही फुलवंताबाईचाच होता. जे माझ्या हातात नाही त्याची निशाणी मी करणार नाही. जे हातात आहे ते काढते. रेघ थोडी हलली आहे, मूठ नीट आली आहे.

हा कागद मी शांतीलालकडून वाचून घेतला, दोनदा ऐकला, चिरणे हा शब्द जागेवर असल्याची खात्री केली, आणि राजीखुशीने निशाणी केली.

निशाणी कोयता, धनुबाई कोम नवल पाटील हिच्या हातची.
दस्तूर शांतीलाल छगनलाल, रनाळे.

साक्ष
१. सुमेरमल रतनचंद, व्यापारी, नंदुरबार. सही दस्तूर खुद्द.
२. आमशा वल्द खात्या. निशाणी तीरकामठा.

मुक्काम रनाळे, तारीख २९ नोव्हेंबर १९३८, सारंगखेड्याची जत्रा आठ दिवसांवर.

ता. क. कागद वाळत असता वत्सलाने विचारले, तेराव्यासाठी गंगाफळ केवढे लागेल. मी म्हटले, वेलावरचे सर्वांत मोठे. ती परसात जाऊन त्याच्या देठाला खुणेची सुतळी बांधून आली. हेही लिहून घ्यावे असे मी सांगितले.