किल्ली माझ्याकडे आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज नेमणूक झाली. प्रायव्हसी ऑफिसर. इथल्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धंद्यात एक लागतो, आमच्यासारख्या शिंपल्यांच्या कारखान्यातही. काम करणाऱ्यांची आणि कामासाठी अर्ज करणाऱ्यांची खासगी माहिती सांभाळणारा माणूस. मालक लायल गर्नी यांनी चहाच्या सुट्टीत विचारलं, कोण घेतंय. सगळे आपापल्या गमबुटांकडे बघायला लागले. फेतू म्हणाली, "डेसला द्या. त्याला वेळच वेळ असतो." फेतू शिंपले फोडायच्या हॉलची मुकादम. मोठ्या मनाची बाई.

मालक असंही म्हणाले की ईस्टरनंतर ते फक्त मासे पकडणार. कारखान्याला मॅनेजर नेमणार. हे म्हणताना माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे खिडकी आहे आणि खिडकीत त्यांची बोट दिसते, पण मधे मी होतो.

संकल्प: सगळं जाणून घेणं. कोणाला काही न सांगणं. जेवणानंतर धक्क्यावर गळ टाकून न बसणं.

सगळे मला डेस म्हणतात. मॅनेजर झाल्यावर डेसमंड.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सरकारी मार्गदर्शिकेचं पहिलं पान वाचलं. कामापुरतीच माहिती गोळा करा, असं म्हणतात. पण सगळी गोळा केल्याशिवाय कामापुरती कुठली ते कळणार कसं? लिहिणाऱ्यानं कारखाना पाहिलेला नाही. बाकीची पानं उद्या. उद्या वायटांगी दिनाची राष्ट्रीय सुट्टी. परवा.

आमचा जुना फॉर्म एका पानाचा. नाव, पत्ता, फोन, सुरी चालवता येते का. वाचून लाज वाटली. नवा करायला घेतला.

सोमवार, १० फेब्रुवारी

फॉर्म पूर्ण. चौदा पानं. धर्म, रक्तदाब, आईचा व्यवसाय, मोटारीचा रंग, झोपेत बोलता का, बोलत असल्यास काय. पान नऊ माझं आवडतं: 'सहकाऱ्यांना तुमच्यातलं काय आवडत नाही? उदाहरणांसह लिहा.' नवीन येणाऱ्यांनी तर भरायचाच, जुन्यांनीही भरायचा. भेदभाव नको.

लोखंडी कपाट मागवलं. किल्ली एकच. दोरीत ओवून गळ्यात घातली. घरी जेवताना बायको, बेव, म्हणाली, "सूप पिताना ती काढ, वाडग्यावर वाजते." मी म्हटलं, ही जबाबदारी आहे. ती म्हणाली, "जबाबदारी सुपात बुडाली."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

फॉर्म परत आले. बरेच ओले. लोसा ही आमची सगळ्यात वेगवान शिंपले फोडणारी. धर्माच्या रकान्यात तिनं चर्चचं नाव, भजनाच्या वेळा आणि मला आमंत्रण लिहिलं आहे. 'जुनाट दुखणी' या रकान्यात लिहिलं आहे: 'डेस.' शेजारच्या रकान्यात वरिष्ठाचं नाव विचारलं होतं, तिथलं उत्तर चुकून इकडे आलं असणार. लोक घाईत लिहितात.

पान नऊ सगळ्यांनी कोरं सोडलं. तीन आठवड्यांत पुन्हा मागायचं.

आज गळ टाकला नाही. फक्त भरतीची वेळ पाहिली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कोणाची माहिती गोपनीय आहे हे लोकांना माहीत नसेल, तर ते तिचा मान कसा राखणार? साधा विचार. सूचना फलकावर यादी लावली. 'खालील व्यक्तींच्या प्रकृतीविषयी कोणीही चौकशी करू नये.' खाली नावं. कशाविषयी चौकशी करू नये हे स्पष्ट असावं म्हणून नावापुढे आजार. फर्गस, फोर्कलिफ्ट: मूळव्याध.

दुपारपर्यंत कोणी एका शब्दानं चौकशी केली नाही. फोर्कलिफ्टच्या सीटवर कोणीतरी उशी ठेवली, तिच्यावर आणखी एक उशी, आणि वर वाटाण्यांची गोठवलेली पिशवी. सूचना तंतोतंत पाळली गेली.

फर्गस ऑफिसात आला. बसा म्हटलं. तो आणखी भडकला. "ते आत्ताच्या आत्ता काढ, नाहीतर तुलाच पॅलेटवर घालून समुद्रात सोडतो." मी म्हटलं, विनंती लेखी द्या. त्यानं यादी फाडून माझ्या चहात टाकली. नंतर मालक येऊन गेले. म्हणाले, "डेस, अरे, जरा डोकं." पुढचं बोलले नाहीत. शब्द सुचत नसावेत.

फॉर्ममध्ये रागाविषयी प्रश्न नाही. पान पंधरा लागणार.

मंगळवार, ४ मार्च

बोटाचं यंत्र बसलं. दोन. एक हॉलच्या दाराशी हजेरीला, एक माझ्या कपाटाच्या खोलीला. हजेरीच्या वहीत बायका एकमेकींच्या सह्या करतात असा माझा संशय होता. आता सही नाही. बोट ठेवायचं, यंत्र नाव सांगतं. बोटांचे ठसे माझ्याकडे राहतील. देशात इतके ठसे फक्त पोलिसांकडे असतील.

मी पहिलं बोट ठेवलं. 'या, डेसमंड.' बाईचा आवाज. डेस नाही, डेसमंड.

गुरुवार, ६ मार्च

यंत्र बाकी कोणाला ओळखत नाही. फेतूनं बोट ठेवलं: 'ओळख पटली नाही.' लोसा: 'ओळख पटली नाही.' रांगेतल्या सगळ्या तशाच. फेतू म्हणाली, "अरे राजा, वर्षानुवर्षं कवचं, खारं पाणी आणि सुरी. आमच्या बोटांवर काही शिल्लक आहे का बघ तरी." लोसा म्हणाली, "मी बँक लुटते आज. कोण पकडणार?" मग रांग हसायला लागली. मग रांग आत गेली.

त्यांना म्हटलं, स्वच्छ धुवून पुन्हा ठेवा. दिवसभर पाण्यातच असतात, हे नंतर लक्षात आलं.

मंगळवार, ११ मार्च

पहिला आठवड्याचा अहवाल मालकांना दिला. यंत्राच्या नोंदीप्रमाणे गेल्या आठवड्यात सगळे शिंपले फोडले गेले, धुतले गेले, गोठवले गेले, ट्रकांत भरून रवाना झाले. हजर माणूस एक. मी.

मालकांनी अहवाल दोनदा वाचला. डोळे पुसले. वयानं माणूस हळवा होतो.

म्हणाले, "आणि हे काय, डेस? रोज जेवणाला बाहेर, परत येतोस चहाला?" यंत्र जाण्याची वेळही टिपतं हे विक्रेत्यानं नीट सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, धक्क्याची पाहणी. ते म्हणाले, "काही लागलं का?" मी म्हटलं, एक काहवाय मासा, मध्यम. हा प्रश्न फसवून विचारला होता.

सोमवार, २४ मार्च

मॅनेजरच्या जागेची सूचना लागली. अर्ज द्यायला गेलो. मालकांनी माझाच चौदा पानांचा फॉर्म पुढे केला. "सगळ्यांना सारखा. भेदभाव नको, तूच म्हणालास."

घरी बसून भरला. रक्तदाब, वजन, झोप. मोटारीच्या रंगाशी यांना काय करायचंय? पान नऊला पोहोचलो आणि फॉर्म बाजूला ठेवला. सभ्य माणसाला असं विचारतात का? बेव म्हणाली, "मला विचार, मी सांगते. कागद जास्त आण." शेवटी लिहिलं: 'उदाहरण उपलब्ध नाही.'

फॉर्म मीच माझ्याकडून स्वीकारला, पोच दिली आणि कपाटात ठेवला.

बुधवार, २ एप्रिल

दुसरा अर्ज आला आहे. फेतूचा. तिनं दिला नाही, हॉलनं दिला. चौदा पानांवर एकच वाक्य, शिंपल्याच्या पाण्याचे डाग पडलेलं: 'ती आहेच.' फेतूला विचारलं, खरंच इच्छा आहे का? म्हणाली, "मला कुठे वेळ? पण लोसा म्हणते, नाहीतर तू होशील." यातून माझ्याविषयीची धास्ती दिसते. मॅनेजरला धास्ती लागतेच.

फेतूला बोट नाही. कागदोपत्री ती महिनाभर गैरहजर आहे. मला काळजी नाही.

बुधवार, ९ एप्रिल

मालकांनी चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर एक जाड पाकीट माझ्या हातात दिलं. म्हणाले, "हॉलमधल्या प्रत्येकीनं तुम्हा दोघांविषयी मत लिहिलंय. गुप्त राहील असा शब्द दिलाय मी. प्रायव्हसी ऑफिसरच्या कपाटात ठेव. ईस्टरच्या आधी मी उघडतो." मी म्हटलं, पण मी उमेदवारही आहे. ते म्हणाले, "म्हणून काय झालं? आमचा तुझ्यावर विश्वास आहे." फेतूला खोकला आला. लोसा छताकडे बघत होती. फर्गस उभाच होता.

पाकीट कपाटात. कपाटाला कुलूप. खोलीला यंत्र. किल्ली माझ्याकडे.

गुरुवार, १० एप्रिल

मार्गदर्शिकेची बाकीची पानं आज वाचली. सगळी. अर्जदाराला स्वतःबद्दलची माहिती मागण्याचा हक्क आहे. मी अर्जदार आहे. प्रायव्हसी ऑफिसरला लेखी विनंती केली. विनंती मिळाली. पोच दिली. उत्तराला वीस कामाचे दिवस मिळतात, पण मी तत्पर आहे.

दुपारी निर्णय दिला: नामंजूर. गुप्ततेच्या अटीवर दिलेलं मत अर्जदाराला दाखवता येत नाही. कायदा स्पष्ट आहे.

अर्जदार नाराज आहे. प्रायव्हसी ऑफिसरचा सूर उद्धट वाटला.

शुक्रवार, ११ एप्रिल

फेरविचाराची विनंती. फेटाळली. बेव म्हणाली, "कोणाशी बोलतोयस?" मी म्हटलं, ऑफिसचं आहे. म्हणाली, "जिंकतंय कोण?"

सोमवार, १४ एप्रिल

नवा मुद्दा. पाकीट ओलसर हवेत खराब होत असेल तर? आतल्या माहितीची स्थिती तपासणं हे ऑफिसरचं कर्तव्य आहे. वाचायचं नाही. स्थिती फक्त.

जेवणाच्या सुट्टीत किटली कपाटाच्या खोलीत नेली. यंत्र म्हणालं, 'या, डेसमंड.' पाणी उकळलं. वाफेवर पाकीट धरलं. सहज सुटलं. जणू कोणी नीट चिकटवलंच नव्हतं.

आत शिंपल्यांच्या खोक्याचे पुठ्ठे, आकाराला कापलेले. वरच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरं: 'डेस, किटली तापलीच आहे तर आमच्यासाठीही चहा आण. आठ कप. लोसाला दोन साखर. गोंद फेतूकडे आहे.'

बाकीचे पुठ्ठे कोरे. सगळे तपासले. स्थिती चांगली आहे.

मंगळवार, १५ एप्रिल

पाकीट घरच्या सेलोटेपनं बंद करून जागेवर ठेवलं. कोणाला कळलेलं नाही. किटली खोलीत नेताना फक्त फर्गसनं पाहिलं, त्यानं दार धरलं होतं.

चहाच्या सुट्टीत टेबलावर बिस्किटांची ताटली फिरत माझ्यापर्यंत आली. बिस्किटं संपली होती. ताटलीत गोंदाची कांडी होती. मी ती पुढे सरकवली. कोणी हसलं नाही. हे जास्त वाईट होतं.

लोसा म्हणाली, "चहा मिळाला नाही हं अजून."

गुरुवार, १७ एप्रिल

मालकांनी पाकिटासह बोलावलं. टेबलावर सेलोटेपचं पाकीट आणि माझ्याच यंत्राची नोंद. खोलीत कोण गेलं, केव्हा गेलं, किती वेळ होतं. यंत्रानं एकच नाव दिलं होतं. ते दुसरं कोणाचं देऊच शकत नाही.

मी स्थिती तपासण्याचा मुद्दा मांडला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "डेस, तू नसतंस उघडलं तर मी खरंच विचार करणार होतो." मला वाटतं ते खोटं बोलत होते. घरी येताना वाटलं, खरं बोलत होते. तेव्हापासून जेवण गेलेलं नाही.

खरी मतं पहिल्यापासून फेतूच्या एप्रनच्या खिशात होती. कुलूप नाही, यंत्र नाही. तिनं एकही वाचलं नव्हतं. मी विचारलं, खात्री काय? मालक म्हणाले, "ती म्हणाली नाही वाचलं." मी वाट पाहिली. एवढंच कारण होतं.

मॅनेजर फेतू.

मंगळवार, २२ एप्रिल

मला वाटलं काढतील. फेतू म्हणाली, "कायद्याला एक माणूस लागतो आणि बाकी कोणालाच वेळ नाही." पहिलं काम दिलं. चौदा पानांचे सगळे फॉर्म कातरायचे. बोटांचे ठसे पुसायचे. यंत्रं परत. फॉर्म एका पानाचा. नाव, पत्ता, फोन, सुरी चालवता येते का. कपाटात आता हातमोजे राहतील, आणि ते कोणालाही घेता यायला हवेत.

दिवसभर कातरलं. फर्गसचं आधी, तो उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "बरं." जाताना उशी काखेत घेऊन गेला. माझा फॉर्म सगळ्यात शेवटी. पान नऊ पुन्हा वाचलं. उदाहरण उपलब्ध नाही. कातरलं.

संध्याकाळी फेतूला म्हटलं, माझ्याबद्दल काय लिहिलं होतं ते कळलं तर. हक्क नाही, माहीत आहे. ती हॉलमध्ये गेली, विचारून आली. म्हणाली, "सगळ्या म्हणतात, सांग त्याला. बहुतेकींनी तेच लिहिलंय, दोनच वाक्यं." आणि सांगितली: 'माणूस वाईट नाही. किल्ली काढून घ्या.'

मी दोरी डोक्यावरून काढली. ती म्हणाली, "चहा?" मी आठ कप केले. लोसाला दोन साखर.

घरी सूप होतं. बेवला म्हटलं, ऑफिसात सगळ्यांनी माझ्याबद्दल लेखी मत दिलंय, 'माणूस वाईट नाही.' ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, अजून एक वाक्य आहे, पण ते गोपनीय आहे.

ती माझ्या वाडग्याकडे बघत होती. सूप पिताना काहीच वाजत नव्हतं.