ओंडक्यातला सॅलमँडर

प्रिय आईस,

आधी हे अक्षर नीट बघ. ओळखीचं आहे ना? मागची दोन पत्रं मी बेकरीतल्या भट्टीवाल्या काकांकडून लिहून घेतली. ‘कामातून सवड नाही’ ही शुद्ध थाप होती. माझा उजवा हात भाजला होता.

रागावू नकोस. आज पट्टी निघाली, पाचही बोटं वळतात.

झालं असं, की भट्टीत लाकडं सारताना एका ओंडक्यातून सॅलमँडर निघाला. दिसतो पालीसारखा, पण अंग बेडकासारखं ओलसर, काळ्यावर पिवळे ठिपके. काका म्हणाले, “राहू दे, हा आगीतच जन्मतो, त्याला काही होत नाही.” मला तर तो जिवाच्या आकांतानं पळताना दिसत होता. मी हात घातला आणि त्याला बाहेर फेकला. तो लाकडांखाली पसार झाला, मी दवाखान्यात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो ओल्या लाकडाच्या पोकळीत झोपतो आणि चटका बसला की बाहेर पळतो, म्हणून लोकांना आगीतून जन्मल्यासारखा वाटतो. त्याचा तुटलेला पायही पुन्हा फुटतो. “तुमची बोटं नाही फुटणार,” असंही सुनावलं.

आता काका प्रत्येक ओंडका आधी जमिनीवर दोनदा आपटतात. “आहे तो आगीतलाच,” म्हणतात, “पण आपटलेलं बरं.”

तुझा गुडघा कसा आहे? खरं लिही. ‘इकडे सगळं ठीक’ असं मीही दोन पत्रांत लिहिलं होतं.

तुझा,
धाकटा